सौर अभियंत्याचा जाहीर सत्कार

रविवारी सकाळी पावणेआठला नितेशचा फोन आला तेव्हा जयवंत घाटकोपरच्या आपल्या घरात चहात खारी बुडवत होता, आणि त्याची बायको दर्शना आरशासमोर उभी राहून जगातलं सगळं डिझेल बंद करत होती.

"मित्रहो, आणखी किती दिवस आपण जमिनीच्या पोटातला काळोख उपसून घरात उजेड करणार?" ती आरशाला विचारत होती.

आरसा गप्प होता. जयवंतने 'नंतर करतो' म्हणून फोन ठेवला आणि दुसरी खारी उचलली. महिनाभर हे वाक्य ऐकून ऐकून त्याला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. दर्शनाच्या महिला मंडळाने तिचं नाव मुलुंडच्या एका वादविवादाला दिलं होतं. विषय मोठा भारदस्त होता : कोळसा, डिझेल, गॅस बंद करायची वेळ आली का? बावन्न वर्षांच्या आयुष्यात बाई पहिल्यांदा स्टेजवर चढणार होती, आणि त्यासाठी तिने वाचनालयातून एवढी पुस्तकं आणली होती की फ्रिजवर ठेवायला जागा उरली नव्हती.

आता गंमत अशी की जयवंतचा धंदा जनरेटर भाड्याने द्यायचा. साकीनाक्याला गाळा, गाळ्यात तीन जनरेटर आणि दाराशी एक टेम्पो. लग्न, हळद, सत्यनारायण, साहेबांचा वाढदिवस, जिथे चार माणसं आणि एक माईक तिथे जयवंतचं डिझेल. म्हणजे नवऱ्याने डिझेल जाळून तांदूळ आणायचे आणि बायकोने तोच भात खाऊन डिझेलच्या नावाने शंख करायचा. जयवंतला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट मजाच वाटायची. तो ऐकायला येतो म्हणाला, तर ती म्हणाली, "नको. तुम्ही समोर बसलात की मला हसू येईल." आणि आठला रिक्षा पकडून गेलीसुद्धा.

तिचा पाय दारातून बाहेर पडला आणि जयवंतने नितेशला परत फोन लावला.

हा नितेश त्या कार्यक्रमाचा आयोजक. त्याला जयवंतचा नंबर मंडपवाल्याने दिला होता, त्यामुळे हा माणूस कोणाचा नवरा आहे याचा त्याला पत्ता नव्हता. बिचाऱ्याची पार वाट लागली होती. सगळा कार्यक्रम सूर्याच्या विजेवर होणार म्हणून त्याने मुलुंडभर बोर्ड लावले होते. मैदानावर सोलरची आठ पॅनलं चकाचक उभी होती. पण पॅनलांची वीज माईकला देणारा इन्व्हर्टर काल रात्रीच मेला होता, नवा मंगळवारी येणार होता, आणि सूर्यावर विश्वास ठेवून यांनी दुसरं कनेक्शनच घेतलं नव्हतं. आता जनरेटर नाही मिळाला तर कार्यक्रम रद्द. पण दादा, तो कोणाला दिसता कामा नये, नितेश जवळजवळ रडत म्हणाला.

जयवंतने दोन मिनिटं विचार केला. नाही म्हणावं, तर दर्शनाचा महिना फुकट. तिला सांगावं, तर ती डिझेलच्या माईकला हात लावणार नाही, म्हणजे पुन्हा महिना फुकटच. गुपचूप केलं, तर ती बोलेल, टाळ्या घेईल, घरी येईल, आणि सूर्याला काय, त्याने आजवर कधी तक्रार केलीय? शिवाय पर्यावरणाच्या सभेला डिझेल पाजायचं म्हणजे असली संधी माणसाला जन्मात एकदा मिळते. त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या.

साडेनऊला टेम्पो मैदानाच्या मागच्या फाटकातून आत आला. टेम्पो काशीराम चालवत होता. काशीराम म्हणजे साठी उलटलेला, कणकवलीकडचा, पंचवीस वर्षं जयवंतबरोबर. सगळं ऐकून तो म्हणाला, "जयवंता, तुझी बाईल तुका सोडूची नाय."

"तिला कळेल तेव्हा ना."

स्टेजच्या मागे वीस फूट रुंद फ्लेक्स ताणला होता. त्यावर भलीमोठी पृथ्वी, निळीहिरवी, आणि खाली लिहिलेलं, 'आई आजारी आहे'. जयवंतने टेम्पो बरोब्बर पृथ्वीच्या मागे लावला. जनरेटरची केबल मंडपाच्या कडेने लपवत नेली ती थेट सोलरच्या पॅनलांखाली, आणि तिथून वर काढून माईकच्या पेटीला जोडली. बघणाऱ्याला वाटावं, वीज पॅनलातूनच ठिबकतेय. वर शोभेला एक हिरवा दिवा पण लावला. मंडपात अठरा पंखे, दोन मोठे स्पीकर, जनरेटरची घरघर त्यांतच बुडणार होती. एप्रिलचा महिना, दहालाच ऊन असं की चप्पल डांबराला चिकटावी.

एकच भानगड होती. जनरेटरचा धूर वर सोडणारा पाइप फ्लेक्सच्या वर दोन हात दिसत होता. जयवंतने तो काढून टाकला.

"पाइप काढलंस तर धूर खंय जातलो?" काशीरामने विचारलं.

"जाईल कुठेतरी. मोकळं मैदान आहे."

धूर कुठे गेला ते सांगतो. मोठा फ्लेक्स लावला की वाऱ्याने फाटू नये म्हणून त्याला मध्ये मध्ये अर्धगोल काप देतात. हे मुंबईत कुठल्याही मंडपवाल्याला माहीत असतं. जयवंतलाही होतं. फक्त त्या सकाळी त्याच्या डोक्यात बायको होती.

साडेदहाला सभा सुरू झाली. तीनेकशे माणसं. जयवंत फ्लेक्सच्या कडेच्या फटीतून बघत उभा राहिला. दर्शना मोरपंखी साडीत, हातात कागद. तिच्या समोरच्या बाजूने बोलायला सुबोध नावाचे गृहस्थ होते. सत्तरीचे, ताठ, सफारीतले, खनिज तेलाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की सूर्य चांगला आहे पण संध्याकाळी सातला घरी जातो. रात्री ऑपरेशन चालू असलेल्या डॉक्टरला काय सांगणार, उद्या सकाळी या? लोक हसले. मग म्हणाले, ज्यांच्या घरी तीन एसी आहेत ते खेड्यातल्या बाईला गॅस सोड म्हणून सांगतात, तिच्या डोळ्यांतला चुलीचा धूर आत्ता कुठे गेलाय. टाळ्या पडल्या. जयवंतनेसुद्धा नकळत एक वाजवली आणि काशीरामकडे बघून हात खिशात घातला.

मग दर्शना उठली. पहिली दोन वाक्यं अडखळली. तिसऱ्याला कागद खाली ठेवला आणि सुटली. तिच्या बहिणीकडे चेंबूरला गॅलरीत पांढरी चादर वाळत घातली तर संध्याकाळी ती करडी होते, आणि त्याच हवेत बहिणीचा नातू रोज नाकाला वाफेचं मशीन लावून बसतो. संध्याकाळी घरी जाणारा सूर्य परवडला, म्हणाली, पण रात्रभर छातीवर बसणारा धूर नको. आणि शेवटी पॅनलांकडे हात करून बोलली, "जमत नाही म्हणतात ना? हा माईक बघा. हा आत्ता, या क्षणाला, सूर्यावर चाललाय."

तीनशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फ्लेक्समागे जयवंतला घाम फुटला. गुदगुल्या बंद झाल्या होत्या. सकाळपासून तो गंमत करत होता, पण आता ती गंमत दर्शनाच्या तोंडून बाहेर पडली होती. उघडी पडली तर तीनशे लोकांसमोर खोटी ठरणार होती ती. आणि दर्शना अशी बाई, भाजीवाल्याने एक मिरची जास्त टाकली तरी परत द्यायला जिना उतरणारी.

तेवढ्यात पृथ्वीतून धूर आला.

आधी आफ्रिकेतून बारीकसा. मग भारताच्या थोडं खालून, समुद्रातून. काळसर, रेंगाळत, एकेका कापातून. समोरून असं दिसत होतं की पृथ्वी खरंच आतून जळतेय. लोक उठून मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागले. नितेशचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. पण सभेचे अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक, भारावून उभे राहिले. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले की साठ वर्षांत इतका परिणामकारक देखावा पाहिला नाही, तापलेली पृथ्वी डोळ्यांसमोर उभी केली, आणि ज्या कलावंताने हे केलं त्याला आपण पाहिलंच पाहिजे.

इकडे फ्लेक्समागे आणखी एक माणूस पोचला होता. सुबोध. ते धुराच्या वासाने आले होते, मांजर माशाच्या वासाने येतं तसे. त्यांनी जनरेटर पाहिला, टेम्पो पाहिला, केबलवरून नजर फिरवत पॅनलांपर्यंत नेली आणि तोंडभर हसले.

"चौतीस वर्षं याच वासात काढलीत मी," ते म्हणाले. "झकास काम केलंयत. आता माझं शेवटचं भाषण ऐका."

"साहेब, त्या बाईंना यातलं काही माहीत नाही," जयवंत म्हणाला.

"मग कळेल."

जयवंतचं डोकं गरगरायला लागलं. सुबोध बोलायला लागल्यावर जनरेटर बंद करावा, तर भर दुपारी सूर्य कसा गेला म्हणून लोक विचारणार. चालू ठेवावा, तर म्हातारा माईकवरूनच सगळं सांगणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत डिझेल.

तो काही ठरवायच्या आत नितेश धावत आला आणि त्याचा दंड धरून ओढायला लागला. अध्यक्ष अडून बसले होते. आता आपल्याकडे सभा म्हटली की सत्कार आलाच. पाणी देणाऱ्यापासून सतरंजी घालणाऱ्यापर्यंत कोणी सुटत नाही, शाल आणि नारळ आधीच जास्तीचे आणून ठेवलेले असतात. नितेशने घाबरून जे तोंडाला आलं ते माईकवर सांगून टाकलं. सौर अभियंता, श्रीयुत जयवंत.

जयवंत स्टेजवर चढला. पायात स्लिपर, शर्टाला ग्रीस. दर्शनाने मान वर केली.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या अठ्ठावीस वर्षांत तिने त्याच्याकडे बऱ्याच प्रकारे बघितलं होतं, पण असं नाही. आधी तिला वाटलं, आपला सोडून हा दुसरा कोणी जयवंत. मग तिने शर्ट ओळखला. मग पॅनलांकडे बघितलं, केबलकडे बघितलं, धुराकडे बघितलं, आणि ओठ असे मिटले की आतले दातसुद्धा बाहेरून मोजता यावेत.

अध्यक्षांनी शाल घातली. नारळ दिला. टाळ्या. आणि मग त्यांनी ते केलं जे अशा वेळी प्रत्येक अध्यक्ष करतो. माईक त्याच्या हातात देऊन म्हणाले, "दोन शब्द बोला."

जयवंतने समोर बघितलं. उजवीकडे सुबोध, खुर्चीच्या टोकावर बसलेले, पुढचा नंबर त्यांचाच. डावीकडे बायको. हा सांगणारच आहे, त्याने मनात म्हटलं. याने सांगितलं तर ती खोटी. मी सांगितलं तर मी चोर. मग चोर बरा. मला सवय आहे.

"मी अभियंता-बिभियंता नाही," तो म्हणाला. "माझा जनरेटरचा धंदा आहे. तुमचा सोलर कालच बंद पडलाय. हा माईक, हे पंखे, सकाळपासून डिझेलवर चाललेत. धूर आहे ना, तो देखावा नाही. तो माझाच आहे. मी पाइप काढला होता. आणि एक सांगतो. सोलरचं हे दर्शनाबाईंना खरंच वाटत होतं. त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना मी फसवलं, कारण ती माझी बायको आहे, आणि मला तिचं भाषण व्हायला हवं होतं."

मैदानात एवढी शांतता झाली की जनरेटर ऐकू यायला लागला. सुबोधच्या हातातला बार फुसका निघाला होता. ते हळूच खुर्चीत मागे टेकले.

दर्शना उठली. माईक तिने जयवंतच्या हातून काढून घेतला. आणि तिने त्याचं नाव घेतलं, नुसतं, स्पष्ट. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज.

"जयवंत. इथेच उभे राहा. किती डिझेल जळलं सकाळपासून?"

"सहा... साडेसहा लिटर."

"आणि हा जो धूर निघाला, तो कुठे गेला?"

"हवेत."

"हवा कोणाची?"

जयवंतने डोकं खाजवलं. "आपलीच."

"पाइप का काढला?"

"दिसू नये म्हणून."

ती लोकांकडे वळली. "बघितलंत? मला आणखी पुरावा काय द्यायचाय? महिनाभर मी पुस्तकं वाचली, पण एवढं सोपं एकात पण लिहिलं नव्हतं. धूर आपण सगळेच करतो. फक्त पाइप काढून ठेवतो, दिसू नये म्हणून." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आता तो बंद करा."

हे मात्र अवघड होतं. जयवंतने सव्वीस वर्षांत चालू कार्यक्रमात एकदाही जनरेटर बंद पडू दिला नव्हता. एकदा वरातीत टेम्पोला गाईने धडक दिली होती तरी नवरदेवावरचा फोकस हलला नव्हता. पण तिचे डोळे बघून तो निमूट खाली उतरला, शालीसकट, नारळासकट, आणि काशीरामला म्हणाला, "बंद कर." काशीरामने दोनदा विचारून खात्री केली.

जनरेटर गप्प झाला. पंखे सावकाश फिरत थांबले. माईक मेला. दर्शनाने तो खाली ठेवला आणि बोलायला लागली, आणि जयवंत थक्क झाला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाच काय, फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यालासुद्धा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मग त्याला आठवलं की ही बाई सव्वीस वर्षं त्याच्या गाळ्यावर डबा घेऊन येते आणि तीन चालू जनरेटरांच्या वरताण ओरडून जेवायला बोलावते. तिला कसला माईक हवाय.

दहा मिनिटं बोलली. पहिल्या तीन मिनिटांत लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या मिनिटाला कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला लागले. आठव्याला मागून कोणीतरी, "ताई, पटलं हो, पंखा लावा," असं म्हटलं. सुबोधनी शेवटचं भाषण केलंच नाही. उभे राहून, घाम पुसत, एवढंच बोलले की आपला मुद्दा वातावरणच मांडतंय.

मग हात वर करून मतदान झालं. डिझेल, कोळसा, गॅस बंद करा म्हणणारे एकशे दहा. नको म्हणणारे एकशे साठ. उरलेले पाणी प्यायला गेले होते. बक्षिसाची ढाल सुबोधना मिळाली. ती घेऊन ते सरळ दर्शनाकडे आले.

"बाई, मी नाही जिंकलो," ते म्हणाले. "पंखा जिंकला."

"मग ढाल त्याच्यावर टांगा," दर्शना म्हणाली. पण हसली. सुबोधही हसले. फक्त जयवंतकडे बघताना तिचं हसू तिथल्या तिथे विझलं. टेम्पोत बसायला तिने साफ नकार दिला आणि रिक्षाने निघून गेली.

घरी पोचला तर शेगडी बंद, ओटा कोरडा. ताटात भिजवलेले पोहे, दही, काकडी.

"आमटी?" त्याने विचारलं.

"आमटी गॅसवर होते. गॅस जमिनीतून येतो. आठ दिवस या घरात जमिनीतलं काही जळणार नाही."

विजेची शेगडी माळ्यावर होती, ती काढू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, वीज कशावर होते ते मी वाचलंय, तुम्हाला पुस्तक देऊ? बाहेरून मागवू म्हटलं, तर हॉटेलवाले काय चांदण्यावर शिजवतात का. म्हणजे चहा पण नाही. आणि हे सगळं ती त्याला एकट्याला लावत नव्हती. स्वतःसुद्धा तेच गार पोहे, तीच भिजवलेली मटकी खात होती, चहाशिवाय, कपाळाला बाम लावून. तिथेच तर जयवंतची गोची झाली. बायको ओरडली असती तर त्याने हसून उडवलं असतं. सोमवारी साकीनाक्याला त्याने चोरून वडापाव खाल्लाच, खोटं कशाला बोला. पण मंगळवारी वडापाव हातात घेतला आणि तिचं ते बाम लावलेलं कपाळ आठवलं. वडापाव काशीरामला दिला.

बुधवारी त्याने गाळ्यात जुन्या जनरेटरच्या पत्र्याची पेटी केली, आतून काळा रंग मारला, बाजूच्या काचवाल्याकडून काच आणि आरसा आणला. गुरुवारी सकाळी नऊला पेटी घेऊन गच्चीवर चढला. काळ्या डब्यात तांदूळ, दुसऱ्यात तूरडाळ. दर अर्ध्या तासाने उठायचं आणि पेटी सूर्याकडे फिरवायची. आख्खी बिल्डिंग मजा बघायला वर येऊन गेली. कोणी विचारलं, जनरेटर विकला काय. कोणी म्हणालं, वहिनींनी घराबाहेर काढलं वाटतं. जयवंत सगळ्यांना हसून उत्तरं देत होता, पण नजर डब्यावर. एकला झाकण उघडलं तर डाळ बोटाने चेपली जात होती. त्याला इतका आनंद झाला की चटका बसलेलं कळलंच नाही.

दर्शना वर आली तेव्हा दीड वाजला होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली, ताट पुढे ओढलं, वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला. जयवंत समोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. तिने दुसरा घास घेतला. तिसरा. चार दिवसांनी पोटात गरम पडत होतं. मग ताट पुढे करून तिने आणखी भात मागितला.

"मीठ कमी आहे," म्हणाली.

"उद्या घालतो."

ती खात राहिली. ताट स्वच्छ झालं तेव्हा बोट चाटत तिने पेटीत वाकून बघितलं, आरसा जरा डावीकडे सरकवला.

"यात बांगडा होईल का?"

जयवंतने आभाळाकडे बघितलं. ढग एक नव्हता. "दोन तास लागतील," तो म्हणाला. "आणि वासाने आख्ख्या बिल्डिंगला कळेल."

"कळू दे," दर्शना म्हणाली.